कोयना, नवजा, महाबळेश्वर: पावसाच्या तक्त्यातून नमपाय

पावसाळा सुरू झाला की सांगलीत पेपर हातात घेतल्यावर नजर आधी तीन आकड्यांवर जाते. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरला गेल्या चोवीस तासांत किती मिलिमीटर पाऊस झाला. त्याच्याखाली कोयना धरणातला साठा, सांडव्यावरून किती क्युसेक पाणी सोडलंय ते, आणि शेवटी सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्यामुळे हे आकडे इथे परीक्षेसाठी पाठ करावे लागत नाहीत.

ॲरे (एकाच प्रकारच्या आकड्यांची रांग किंवा तक्ता) आणि मॅट्रिक्स (ओळी-रकान्यांचा तक्ता) शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. पुस्तकात बहुतेकदा १, २, ३, ४ असे कोरडे आकडे असतात. त्यांची बेरीज चुकली तरी पोटात काही हलत नाही. पावसाचा तक्ता समोर असला, तर नवजाचा आकडा चुकून कोयनानगरच्या नावावर गेल्याचं लगेच खटकतं. ॲरेच्या कामात हे खटकणंच महत्त्वाचं असतं, कारण कॉम्प्युटरला ते खटकत नाही.

खालचे आकडे उदाहरणापुरते घेतलेत. तीन केंद्रं, चार दिवस, मिलिमीटरमध्ये:

कोयनानगर: ११०, १४५, ६२, १८
नवजा: १२८, १७०, ७५, २४
महाबळेश्वर: १०२, १६०, ८८, ३०

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत हा तक्ता ठेवायला नमपाय नावाचं पॅकेज, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतात. १९९५ मध्ये जिम ह्यूगनिन यांनी न्यूमेरिक नावाचं पॅकेज लिहिलं, पुढे नमॲरे नावाचं दुसरं आलं. वापरणारे दोन गटांत विभागले गेले. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी २००५ मध्ये दोन्ही एकत्र आणायचं काम हाती घेतलं आणि २००६ मध्ये नमपाय १.० आलं. आज पांडाज, सायकिट-लर्न यांसारखी पॅकेजेस त्याच पायावर उभी आहेत.

एक सांगून ठेवतो. या लेखात सगळं देवनागरीत लिहिलंय. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवलेलं खरोखर चालतं, म्हणजे आपल्या तक्त्याला 'पाऊस' हेच नाव देता येतं. फंक्शनची नावं आणि कोडमधले आकडे मात्र इंग्रजी कीबोर्डवर टाइप करायचे.

साधी लिस्ट का पुरत नाही

पायथनच्या लिस्टमध्ये आकडे शेजारी-शेजारी बसलेले नसतात. लिस्ट म्हणजे गावभर विखुरलेल्या घरांचे पत्ते लिहिलेली वही. प्रत्येक आकड्यासाठी वही बघायची, त्या घरी जायचं, आत कोण राहतं ते विचारायचं आणि मगच बेरीज करायची. शिवाय एका घरात आकडा, दुसऱ्यात मजकूर, तिसऱ्यात आणखी एक लिस्ट असू शकते, म्हणून हे विचारणं दर वेळी करावंच लागतं.

ॲरेमध्ये सगळे आकडे एकाच प्रकारचे असतात आणि मेमरीत सलग बसतात. नेहमीच्या दशांश संख्येला, म्हणजे फ्लोट६४ ला, ८ बाइट लागतात. दहा लाख आकडे म्हणजे ८० लाख बाइट. तेच आकडे लिस्टमध्ये ठेवले तर नेहमीच्या ६४-बिट पायथनमध्ये प्रत्येक दशांश संख्येचे २४ बाइट आणि तिच्या पत्त्याचे ८, असे ३२ बाइट होतात. जागा चौपट. आणि वेगातला फरक त्याहूनही मोठा असतो. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा उचलत नाही, साधारण ६४ बाइटांचा तुकडा एकदम आणतो. सलग ॲरे असेल तर एका फेरीत आठ आकडे हाताशी येतात, आणि बेरीज-गुणाकाराचा लूप (तेच काम पुन्हापुन्हा करणारा कोड) पायथनमध्ये न फिरता सी भाषेत लिहिलेल्या कोडमध्ये फिरतो.

म्हणून मिलिमीटरचे इंच करायला लूप लिहायचा नाही. एवढंच लिहायचं:

पाऊस / २५.४

सगळ्या बारा आकड्यांना एकदम भाग जातो. 'अतिमुसळधार पाऊस कुठे-कुठे झाला?' हा प्रश्नही तसाच. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ मिमीपासून मुसळधार आणि ११५.६ पासून अतिमुसळधार धरतात. 'पाऊस >= ११५.६' लिहिलं की त्याच आकाराचा खरं-खोटं असा तक्ता मिळतो. त्याची बेरीज केली की उत्तर ४, कारण खरं म्हणजे १ आणि खोटं म्हणजे ० धरलं जातं. कोयनानगरचा एक दिवस, नवजाचे दोन, महाबळेश्वरचा एक.

शेप आणि ॲक्सिस

आपल्या ॲरेचा शेप, म्हणजे आकार, (३, ४) आहे. आधी ओळी, मग रकाने. पण कागदावर आणखी एक गोष्ट लिहून ठेवायची सवय लावा: (केंद्र, दिवस). नमपायला फक्त ३ आणि ४ कळतात. त्यांतला ३ म्हणजे केंद्रं आणि ४ म्हणजे दिवस, हे फक्त तुमच्या डोक्यात असतं. या लेखात मला ठासून सांगायचंय ते हेच.

मुलं सगळ्यात जास्त अडतात ती ॲक्सिसपाशी. ॲक्सिस म्हणजे शेपमधली जागा, ० पासून मोजलेली. 'सम', म्हणजे बेरीज, करताना ॲक्सिस ० दिला तर ओळींची बेरीज मिळते की रकान्यांची? घोकून पाठ केलं तर आठवड्यात विसरतं. त्यापेक्षा असं बघा: जो ॲक्सिस सांगाल, तो शेपमधून नाहीसा होतो. (केंद्र, दिवस) मधला ॲक्सिस ० म्हणजे केंद्र. तो गेला की दिवस उरले, म्हणजे प्रत्येक दिवसाची तिन्ही केंद्रांची बेरीज: ३४०, ४७५, २२५, ७२. ॲक्सिस १ म्हणजे दिवस. तो गेला की केंद्रं उरली: ३३५, ३९७, ३८०. दोन्हीकडून एकूण १,११२ च येतात, आणि एवढा ताळा करून बघायला वेळ लागत नाही. तीन-चार ॲक्सिस असलेल्या ॲरेलाही हाच नियम लागतो.

मेमरीच्या आत बघितलं तर मात्र तक्ता वगैरे काही नसतो. बारा आकड्यांची एक सलग रांग असते: ११०, १४५, ६२, १८, १२८, १७०… 'पुढच्या दिवसावर जायला ८ बाइट उडी मार, पुढच्या केंद्रावर जायला ३२ बाइट' एवढी सूचना सोबत ठेवलेली असते. या उड्यांना स्ट्राइड्स म्हणतात. ओळी आणि रकाने यांची अदलाबदल करणारा ट्रान्सपोज केला तर एकही आकडा हलत नाही, फक्त दोन उड्यांची जागा बदलते. दहा कोटी आकड्यांचा ट्रान्सपोजही क्षणात होतो तो यामुळे.

आता नवखा माणूस हमखास कुठे घसरतो ते बघा. कुठल्यातरी फंक्शनला (४, ३) असा शेप हवा असतो. आपल्याकडे (३, ४) आहे. एरर येते. घाईत 'रीशेप(४, ३)' लिहिलं जातं, एरर जाते, जीव भांड्यात पडतो. पण रीशेप ती रांग तशीच ठेवून तीन-तीनचे गठ्ठे पाडतो:

११०, १४५, ६२
१८, १२८, १७०
७५, २४, १०२
१६०, ८८, ३०

दुसऱ्या ओळीत कोयनानगरचा चौथा दिवस आणि नवजाचे पहिले दोन दिवस एकत्र बसले. शेप (४, ३) झाला खरा, पण ओळीला 'दिवस' आणि रकान्याला 'केंद्र' म्हणण्यात काही अर्थ उरला नाही. इथे ट्रान्सपोजच हवा होता. आकार जुळवायला रीशेप वापरताय असं लक्षात आलं, की हात थांबवा आणि दोन ओळी छापून डोळ्यांनी बघा.

भार देऊन सरासरी काढताना

धरणाच्या खोऱ्यात सरासरी किती पाऊस पडला, हे काढायला तीन केंद्रांची साधी सरासरी चालत नाही, कारण प्रत्येक केंद्राच्या वाट्याला येणारं क्षेत्र वेगळं असतं. आल्फ्रेड थीसेन यांनी १९११ मध्ये यासाठी एक पद्धत मांडली. नकाशावरचा प्रत्येक ठिकाणचा पाऊस त्याला सगळ्यात जवळच्या केंद्राइतका धरायचा, आणि ज्या केंद्राकडे जेवढं क्षेत्र येईल तेवढा त्याला भार द्यायचा. जलविज्ञानाच्या अभ्यासक्रमात ती आजही शिकवतात. समजा भार असे आले: कोयनानगर ०.३, नवजा ०.५, महाबळेश्वर ०.२.

पहिला दिवस: ११० × ०.३ + १२८ × ०.५ + १०२ × ०.२ = ११७.४. चारही दिवसांचं उत्तर: ११७.४, १६०.५, ७३.७, २३.४.

जोडीजोडीने गुणायचं आणि बेरीज घ्यायची. मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे हेच, एकाच वेळी पुष्कळदा. पायथनमध्ये त्याला ॲट चिन्ह आहे, ते २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून आलं:

भार @ पाऊस

भारचा शेप (केंद्र), पावसाचा (केंद्र, दिवस). मधले दोन्ही 'केंद्र' एकमेकांना भिडतात आणि नाहीसे होतात, उरतो दिवस. कॉलेजात 'पहिल्याचे रकाने आणि दुसऱ्याच्या ओळी समान हव्यात' असा नियम पाठ करून घेतात. तो बरोबरच आहे, पण अपुरा आहे. भिडणारे आकडे समान असून भागत नाही, ती गोष्टही एकच असायला हवी.

उलटं, म्हणजे 'पाऊस @ भार' लिहिलं तर ४ आणि ३ भिडतात, जुळत नाहीत, एरर येते. ही एरर म्हणजे उपकार समजा. कारण चौथा दिवस काढून टाकला आणि फक्त तीन दिवसांचा तक्ता घेतला, तर शेप (३, ३) होतो आणि तीच चुकीची ओळ गुपचूप चालते. उत्तर येतं ११७.९, १३८.४, १२८.२. पहिला आकडा खऱ्या ११७.४ च्या इतका जवळ आहे की वरवर बघणारा मान डोलावून पुढे जाईल. पण इथे केंद्रांचे भार दिवसांना लागलेत. तिसऱ्या दिवशी एकाही केंद्रावर ८८ मिमीच्या वर पाऊस नसताना सरासरी १२८.२ कशी येईल? सगळे भार शून्याच्या वर आणि बेरीज १ असेल, तर सरासरी सगळ्यात मोठ्या आकड्याच्या पुढे जाऊच शकत नाही. असा ताळा कोडमध्येच एका ओळीत लिहून ठेवावा.

एकाऐवजी दोन खोरी घेतली तर मॅट्रिक्सचा पुरा उपयोग दिसतो. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या डोंगरातून निघतात. कृष्णा वाईजवळ धोम धरणात येते, कोयना दक्षिणेला वळून आपल्या धरणात, आणि कराडला दोघी मिळतात. आपल्या तीन केंद्रांपैकी धोमसाठी फक्त महाबळेश्वर उपयोगी आहे असं धरलं, तर भार (०, ०, १). दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या की भारचा शेप (खोरं, केंद्र) झाला. त्याला (केंद्र, दिवस) ने गुणलं की (खोरं, दिवस), म्हणजे (२, ४). खोरी दोनाची वीस झाली आणि दिवस चाराचे चार हजार, तरी कोडची ओळ तीच. आत हा गुणाकार ब्लास नावाच्या लायब्ररीकडे जातो. तिचा पाया १९७९ चा आहे, आणि प्रोसेसरनुसार त्याच कामाच्या घासूनपुसून वेगवान केलेल्या आवृत्त्या निघाल्यात.

साधं गुणिले चिन्ह, म्हणजे कीबोर्डवरचा तारा, नमपायमध्ये वेगळं काम करतं. ते जागच्या जागी गुणतं, बेरीज घेत नाही. जुन्या कोडमध्ये 'मॅट्रिक्स' नावाचा वेगळा प्रकार दिसेल, त्यात ताऱ्याचाच अर्थ मॅट्रिक्स गुणाकार होता. आता तो वापरू नका असंच नमपायचे कर्ते सांगतात.

लहान ॲरे मोठ्याला लावायच्या सोयीला ब्रॉडकास्टिंग म्हणतात. दोन्हींचे शेप उजव्या टोकापासून जुळवत यायचं. आकडे समान असले किंवा एक १ असला तर चालतं, १ असलेला ॲरे तेवढा ताणला जातो. प्रत्येक केंद्राची सरासरी त्याच्या ओळीतून वजा करायची असेल, तर सरासरीचा शेप (३) आहे आणि उजवीकडे पावसाचा ४ उभा आहे. जुळत नाही. सरासरी काढतानाच 'कीपडिम्स' (गेलेल्या ॲक्सिसच्या जागी १ ठेवणारा पर्याय) खरं ठेवलं की शेप (३, १) राहतो आणि वजाबाकी बिनबोभाट होते.

आकडे आत येतानाच

आयर्विनची पातळी फूट-इंचात सांगतात. ४२ फूट ९ इंच कुणी ४२.९ असं लिहितो. तासाभराने पाणी एक इंच चढतं, ४२ फूट १० इंच होतं, आणि तो लिहितो ४२.१०. कॉम्प्युटरसाठी ४२.१० म्हणजे ४२.१. पाणी चढत असताना आलेखात ते पाऊण फुटाहून जास्त उतरलेलं दिसतं. पुराच्या आकड्यांत असली चूक भयंकर आहे. फूट आणि इंच असे दोन वेगळे रकाने ठेवा आणि 'पातळी[:, ०] + पातळी[:, १] / १२' (रकानेही ० पासून मोजतात) असं करून दशांश फूट काढा. ४२ फूट ६ इंच म्हणजे ४२.५, ४२.६ नव्हे.

ॲरेत सगळे आकडे एकाच प्रकारचे असतात, त्या प्रकाराला डीटाइप म्हणतात. शंभर आकड्यांत एका जागी 'नोंद नाही' असा शब्द आला तर उरलेले नव्याण्णवही मजकूर होऊन बसतात. जागा वाचवायला यूइंट८ हा छोट्या पूर्णांकांचा प्रकार निवडला तर त्यात ० ते २५५ एवढंच मावतं. असे दोन ॲरे मिळवले तर २०० आणि १०० ची बेरीज ४४ येते, तीही एरर न देता, कारण ३०० मधून २५६ वजा होतात.

न मिळालेल्या नोंदीसाठी शून्य कधीही लिहू नका. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. पर्जन्यमापक बंद होता, ही वेगळी गोष्ट आहे. कुठे-कुठे अशा जागी –९९९ भरतात, आणि तो तसाच राहिला तर भर जुलैत सरासरी पाऊस उणे येतो. नमपायमध्ये यासाठी नॅन ('आकडा नाही' अशी खूण) आहे. त्याच्यासोबत केलेली बेरीज नॅनच येते, आणि ते योग्यच आहे, कारण माहीत नसलेला आकडा मिळवल्यावर बेरीज माहीत कशी असेल? जाणूनबुजून वगळायचा असेल तर 'नॅनमीन' (नॅन सोडून सरासरी) वापरा. नॅन दशांश प्रकारातच बसतो, पूर्णांकांच्या ॲरेत भरायला गेलात तर एरर येते.

आणि स्लाइस, म्हणजे ॲरेतून कापून घेतलेला भाग. 'पाऊस[:, :२]' लिहून पहिले दोन दिवस वेगळे काढले तरी ते वेगळे होत नाहीत. त्याच मेमरीवरची ती दुसरी खिडकी असते, तिला व्ह्यू म्हणतात. त्यात बदल केला की मूळ तक्ता बदलतो. वेगळीच प्रत हवी असेल तर 'कॉपी' सांगावं लागतं. अट लावून निवडलेले आकडे, म्हणजे 'पाऊस[पाऊस > १००]', मात्र स्वतंत्र प्रत म्हणून येतात.

उलटा प्रश्न

भार माहीत असले की सरासरी निघते. पण भारच माहीत नसतील तर? जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस घ्या. प्रत्येक दिवसाचा तीन केंद्रांचा पाऊस म्हणजे (दिवस, केंद्र), शेप (१२२, ३). समोर १२२ दिवसांची पाण्याची आवक. असे तीन भार शोधायचे की गुणाकार आवकेच्या शक्य तितका जवळ जाईल. तीन अज्ञात आणि १२२ समीकरणं, सगळी एकदम तंतोतंत जुळणार नाहीत, म्हणून फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करायची. ही लीस्ट स्क्वेअर्स पद्धत लजांद्र यांनी १८०५ मध्ये छापली. नमपायच्या लिनाल्ज (लिनियर अल्जिब्रा) भागात ती 'एलएसटीएसक्यू' या नावाने आहे. समीकरणं आणि अज्ञात सारखेच असले तर 'सॉल्व्ह' वापरायचं. मॅट्रिक्सचा इन्व्हर्स (व्यस्त) काढून गुणण्याची सवय पाठ्यपुस्तकातून येते, पण कॉम्प्युटरवर 'सॉल्व्ह' कमी कष्टात आणि बहुधा जास्त अचूक उत्तर देतं.

पाऊस पडला त्याच दिवशी सगळं पाणी धरणात येत नाही, म्हणून कालचा आणि परवाचा पाऊसही वेगळे रकाने करून लावावा लागतो. सांगलीची पातळी काढायची तर कोयनेतून सोडलेलं पाणी, वारणेचं पाणी, असे रकाने वाढत जातात. मिलिमीटरचे आकडे शेकड्यांत आणि क्युसेकचे हजारांत, तेव्हा आधी प्रत्येक रकान्यातून त्याची सरासरी वजा करायची आणि पसरटपणाने, म्हणजे प्रमाण विचलनाने, भागून तो एका मापात आणायचा. वर सांगितलेलं ब्रॉडकास्टिंग इथे रोज लागतं.

एक अडचण मात्र कोडने सुटत नाही. कोयनानगर आणि नवजा जवळजवळची गावं, एका ठिकाणी झोडपतो तेव्हा दुसरीकडेही झोडपतोच. त्यांचे रकाने जवळपास एकमेकांच्या पटीत असले, की आवक नेमकी कुणामुळे वाढली हे आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. मग उत्तरात एकाला भलामोठा भार आणि दुसऱ्याला उणे भार येऊ शकतो, आणि चार दिवसांच्या नोंदी बदलल्या की दोन्ही उलटेपालटे. लिनाल्जमधलं 'कॉन्ड' हे फंक्शन हा धोका आकड्यात सांगतं: एकच्या आसपास असेल तर भार विश्वासाचे, हजारांच्या घरात गेला तर सावध व्हायचं. तेव्हा त्या दोन केंद्रांची सरासरी घेऊन एकच रकाना करावा, किंवा त्यांतलं ज्याच्या नोंदी सलग आहेत ते एकच ठेवावं.